फाशीआधीचं वजन

आई, तुला एकदाच विचारायचं होतं, त्या वकीलबाई आल्या त्या दिवसाबद्दल. तू होतीस तेव्हा धीर झाला नाही.

चामोर्शीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू तांदूळ निवडत होतीस. बांधाच्या भांडणात मामा-मामीला कुऱ्हाडीनं मारणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्याचा दयेचा अर्ज फेटाळला गेला होता, नागपूरच्या तुरुंगात फाशीचा दिवसही ठरला होता. आता त्याच्या बाजूनं या बाईंना कोर्टात शेवटचा अर्ज करायचा होता. मेलेल्यांच्या घरच्या कुणी ‘फाशी नको’ असं लिहून दिलं तर उपयोग होईल, असं बाई चाचरत म्हणाल्या. मला वाटलं, तू त्यांना हाकलशील. तू पाट सरकवलास आणि विचारत सुटलीस.

“फाशी सकाळीच काऊन देतेत? त्याले आधी सांगतेत का?”

बाई जमेल तसं सांगत होत्या. आधी सांगतात. घरच्यांना भेटू देतात. मग त्याचं वजन घेतात, आणि त्या हिशेबानं वाळूची गोणी लटकवून दोर तपासतात.

तुझा हात सुपातच थांबतो. “वजन करतेत?” तू परत विचारतेस. “त्यानं माह्या भावाले रागात मारलं. हे तं मोजूनमापून मारून राह्यले. कुठी सही करू?”

मी ओरडले, “आई, मामीनं काय केलं होतं गं?”

“काईच नाई,” तू म्हणालीस आणि सही केलीस.

फाशीच्या आदल्या दिवशी स्थगिती आली, पुढे जन्मठेप झाली. त्याची बायको तुझ्या पाया पडायला आली, तेव्हा तू पाय मागे घेतलेस. “मी त्याले माफ नाई केलं, बाई. माह्या भावाच्या नावानं कोणाले मारू नका, एवढंच म्हटलं.” चहा मात्र दिलास तिला. त्यानंतरही कितीतरी दिवस चुलीपुढे बसून तू मामीच्या नावानं रडायचीस. ती सही आणि ते रडणं एकाच बाईत कसं मावत होतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

तू गेल्यावर काही वर्षांनी तो सुटला. परवा बाजारात दिसला. म्हातारा झालाय. एकेक वांगं दाबून बघत होता, भाजीवाली त्याच्यावर खेकसत होती. मी आडोशाला उभी राहून बघत राहिले. स्थगितीची बातमी कळली तेव्हा काय केलंस, असं त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. पण तो वांगी घेतोय हे पाहून मला बरं वाटलं, आई. घरात कुणालाच हे सांगितलेलं नाही.