बिनभात्याची पेटी

भांडुप,
११ जानेवारी १९८७

ती. दादास,
मालनचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे आई रागावलेली आहे, बाबा गप्प आहेत आणि मी दोघांच्या मध्ये.

कारण ऐक. आरे कॉलनीतल्या स्थळाचा होकार आला. मुलाचं नाव भीमराज, तिथल्या डेअरीत कामाला आहे, राहायला क्वार्टर आहे. मावशीला घेऊन आला होता. मावशी एकटीच बोलत होती. तो एक शब्द बोलला नाही, पोहे मात्र दोनदा घेतले. त्यांना मे महिन्यात लग्न उरकायचंय. मी नाही म्हणून सांगितलं. आई म्हणाली, तेवीस पूर्ण झाली, आता काय राजवाड्यातून येणार आहे का कोणी?

मुलात काही खोट नाही रे. पण मी गेले तर बाबांचं काय? त्यांना झटका आला त्याला दोन वर्षं होतील. पाय सुधारला, डावा हात तसाच आहे, खांद्यापासून लोंबतो. उजवा मात्र पेटीवर पूर्वीसारखाच पळतो. पण पेटीला दोन हात लागतात ना, एक सुरांना आणि एक भात्याला. म्हणून मी पलीकडे त्यांच्या समोर बसते आणि भाता मारते. कार्यक्रम असेल तिथे जाते, विक्रोळी असो की दहिसर. त्यांच्या गाण्याच्या पार्टीतल्या कोणाला ते जमत नाही. सीतारामकाकांनी एकदा मारला तर पेटी उचक्या दिल्यासारखी वाजली. बाबांनी तिथल्या तिथे कार्यक्रम थांबवला.

गाण्याच्या पार्टीशिवाय बाबांकडे आता आहेच काय? कंपनी सुटली. दिवसभर खिडकीत बसतात. मी निघून गेले की तेही सुटलं. आईला हे सांगून पटत नाही. तू तरी तिला समजाव. आणि जेवणाचे हाल करू नकोस, फोटोत मान केवढीशी दिसते तुझी!

उत्तर लवकर टाक. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मालन

*

शारजा,
२६ जानेवारी १९८७

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. मी आईला समजावणार नाही, मी तुलाच समजावणार आहे. बाबांच्या भात्यासाठी तू जन्मभर बसून राहणार का? वेडी आहेस.

पत्र वाचून झोप लागेना म्हणून आज काम सुटल्यावर बाजारात गेलो. इथे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मिळतात. तिकडेही ऑर्केस्ट्रावाले वाजवतात ते. भाताच नाही! बोट ठेवलं की सूर. एका हाताचं काम. दुकानात तीन प्रकार पाहिले. एक लहान, मांडीवर मावणारा आणि स्वस्त. एक मधला. एक भलामोठा, स्टँडसकट, शंभर आवाजांचा. तो माझ्या चार महिन्यांच्या पगारात येतो, त्यामुळे त्याच्याकडे नुसतं बघितलं. दुकानदार केरळचा आहे. त्याने सगळी बटणं दाबून दाखवली, बासरी काय, व्हायोलिन काय, मला काही कळेना. मी वायरमन माणूस, मला वॅट विचार, सूर विचारू नकोस.

लहान घ्यायचं मन होतंय, परवडेल. पण बाबांना चालेल का? कोणा जाणकाराला विचार. घरात वाजला पाहिजे आणि स्टेजवरही चालला पाहिजे. लवकर कळव, इथे माल येतो आणि संपतो.

त्यांना झटका आला तेव्हा मी नव्हतो. तार मिळाली तेव्हा ते दवाखान्यातून घरीही आले होते. हे मी कोणाला बोलत नाही, तुला लिहितो.

आईबाबांना जयभीम सांग. माझ्यावर राग धरलास तरी पत्र धरून ठेवू नकोस.
तुझा,
चंद्रप्रकाश

*

भांडुप,
१२ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझी आयडिया वाचून आधी डोकंच फिरलं. म्हटलं सगळे मिळून मला उठवायला बसलेत. चार दिवस पत्र उशीखाली ठेवलं. पाचव्या दिवशी गेले मुलुंडला.

तिथे माणिक म्हणून एक आहेत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. कुंदाताईंच्या ओळखीचे. कुंदाताई म्हणजे आपल्या पार्टीच्या गायिका, तू गेलास तेव्हा त्या नव्हत्या. माणिकनी फार नीट सांगितलं. तेच लिहिते, कागद दुकानात घेऊन जा.

लहान घेऊ नकोस. त्याच्या पट्ट्या पोरांच्या खेळण्यासारख्या अरुंद असतात. बाबांनी वीस वर्षं लेथवर काम केलंय, त्यांचं एक बोट दोन पट्ट्यांवर पडेल. पट्ट्या पेटीएवढ्याच रुंद हव्यात. एकोणपन्नास असल्या तर पुष्कळ, बाबांची पेटीही तेवढ्यात भागते. शंभर आवाज नकोत. एकच आवाज हवा, बोट दाबून ठेवलं तर विरून न जाणारा. पियानोचा सूर विरतो, ऑर्गनचा टिकतो. तू स्वतः दाबून बघ. सेलवर चालला पाहिजे, आपल्या मंडपातली वीज तुला माहीतच आहे. आत स्पीकर हवा म्हणजे घरी वाजेल, आणि मागे माइकच्या मशीनला जोडायचं भोक हवं म्हणजे स्टेजवर चालेल. आणि हलका हवा, खांद्याला लावून बसमध्ये चढता आलं पाहिजे.

माणिकनी मला वाजवून बघायला सांगितलं. मी म्हटलं, मला वाजवता येत नाही. तरी एक बोट ठेवलं, मग दुसरं. किती वेळ गेला कळलंच नाही. घरी आले तर आईने विचारलं की मुलुंड काय आता पुण्याला गेलंय का?

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, सेलवर चालतं ते खेळणं. एवढंच बोलले. पण जेवताना आईला विचारत होते की पोरगी ऐकून आली तो आवाज कसा आहे म्हणे. मला नाही विचारलं.

घ्यायचा तर घे. न घेतलास तरी मला वाईट वाटणार नाही. खरं म्हणजे काय वाटेल ते मला आज कळत नाहीये, म्हणून पत्र इथेच थांबवते. लोभाला खंड नको.
तुझी,
मालन

*

शारजा,
२७ फेब्रुवारी १९८७

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद. घेतला! मधला. तुझा कागद दुकानदारासमोर धरला आणि एकेक गोष्ट तपासून घेतली. तो म्हणाला की यादी लिहिणारा चांगला वाजवत असणार. मी म्हटलं, माझी बहीण आहे आणि तिला वाजवता येत नाही. तो हसला.

खोलीवर आणून ऑर्गनच्या आवाजावर एक पट्टी दाबून धरली. सूर जरासुद्धा हलला नाही. खोलीतल्या पाच जणांनी मला बाहेर काढेपर्यंत हलला नाही.

मला रजा मिळाली नाही. घाटकोपरचा नंदू माझ्याबरोबर काम करतो, तो मार्चच्या शेवटी येतोय. तो घरी आणून देईल. चौदा एप्रिलच्या आत बाबांचा हात बसला पाहिजे.

आता एक विचारतो, मोठा भाऊ म्हणून. आरेवाल्यांना तू नाही म्हणालीस ते बाबांच्या कारणाने, की तुझं काही वेगळं कारण आहे? कीबोर्ड आल्यावर पहिलं कारण संपतं. दुसरं असेल तर तेही लिही. मी ओरडणार नाही.

उत्तराची वाट पाहतो. माया राखावी, तीच इथे पुरते.
तुझा,
चंद्रप्रकाश

*

भांडुप,
१९ एप्रिल १९८७

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. इतके दिवस लिहिलं नाही, रागावला असशील. लिहायला बसले की उठत होते.

नंदूने कीबोर्ड सुखरूप आणला. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने वाजवून दाखव म्हटलं तर याने भलतंच बटण दाबलं आणि तिथे चा-चा-चा या विलायती नाचाचा ठेका सुरू झाला म्हणे. बाबांनी तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी मी रेशनला गेले होते, परत आले तर जिन्यातच ऐकू आलं. मी दारात उभी राहिले. ते एकटे वाजवत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा एकटे.

जयंतीला आपल्याच चौकात संध्याकाळी कार्यक्रम झाला. मी खाली बसले, लोकांत. पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्यात घोटाळा झाला. भात्याची पेटी मधेच जरा दम घेते ना, तेवढ्यात गाणारा श्वास घेतो. इथे सूर थांबेचना. कुंदाताई धावत्या गाडीमागे पळाल्यासारख्या गात होत्या, चेहरा लाल झालेला. दम कुठे द्यायचा ते दोन वर्षं मी बघत होते, दादा. बाबा ते विसरून गेले होते. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. मी उठलेसुद्धा.

त्यांनी नाही बघितलं. कुंदाताईंकडे बघितलं, आणि ओळ संपली तिथे पट्टीवरून बोटं उचलली. नुसती ढोलकी राहिली. कुंदाताईंनी श्वास घेतला, बाबांनी पुन्हा बोटं ठेवली. मग प्रत्येक ओळीला तसंच. शेवटी लोकांनी तेच गाणं पुन्हा मागितलं.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मंडपामागे जाऊन रडले. आनंदाने नाही. खोटं कशाला लिहू. मला वाटलं, माझं काम संपलं, आता मला खरंच कोणीही कुठेही पाठवू शकतं.

तिथे भीमराज आला. कार्यक्रमाला आला होता हे मला माहीतच नव्हतं. त्याने रडतेस का विचारलं नाही. पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाला, आता तुझे हात मोकळे झाले, तुला काय करायचंय? मी इतकी चिडले होते की तोंडातून निघून गेलं, मला वाजवायचंय. तो म्हणाला, मग वाजव ना. आणि ग्लास परत द्यायला गेला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मला आधी ठाऊक नव्हतं. मुलुंडला मी एकदा नाही, सहा वेळा गेले. आईला सांगितलं की शिवणाच्या क्लासला जाते. माणिकनी मला सरगमच्या पुढे नेलं. कुंदाताई बायकांची स्वतःची पार्टी काढतायत, त्यांना पेटीवाली बाई हवीय. त्यांनी विचारलं, मी अजून हो म्हटलेलं नाही. आईने माझा नकार आरेला कळवलाच नव्हता, पुढच्या महिन्यात भीमराजची मावशी तारीख ठरवायला येणार. बाबांना हे कसं सांगू? ते म्हणतील, समोर बसून दोन वर्षं भाता मारला आणि शिकायला दुसऱ्याच्या घरी गेली.

सुचेल ते लिही. तुझ्या लोभाची आज जरा जास्त गरज आहे.
तुझी,
मालन

*

भांडुप,
१८ मे १९८७

चि. चंद्रप्रकाश यास,
राजाराम याचे अनेक आशीर्वाद. मी सहसा लिहीत नाही. डावा हात कागद धरत नाही, म्हणून कागदाच्या कडेवर पाट ठेवून लिहितो. अक्षर सांभाळून घे.

तू मालनबद्दल मला लिहिलंस ते बरं केलंस. तिला न विचारता लिहिलंस, त्यावरून ती तुझ्याशी भांडेल, ते तू बघ. पत्र वाचून दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. राग तिचा आला नव्हता. ती दोन वर्षं माझ्यासमोर बसली. तिला वाजवावंसं वाटत असेल हे एकदाही माझ्या मनात आलं नाही, आणि मी स्वतःला मास्तर म्हणवतो.

तिसऱ्या दिवशी पेटी तिच्यासमोर ठेवली आणि वाजव म्हटलं. तिने वाजवलं. बोटं कच्ची आहेत, अंगठा चुकीचा पडतो, ताल घाईचा आहे. पण भाता असा की मला तसा कधी जमला नाही. आता रोज दुपारी शिकवतो. मी ओरडतो, ती उलट ओरडते. शेजारच्या प्रेमाबाईंनी दोनदा दार वाजवून भांडण झालंय का विचारलं.

काल रविवारी आरेची मंडळी आली. मावशींनी एकतीस मे ही तारीख काढून आणली होती. तुझी आई लगेच हो म्हणणार होती. तेवढ्यात मालन चहा घेऊन बाहेर आली, कप खाली ठेवले आणि उभ्यानेच म्हणाली की लग्न डिसेंबरच्या शेवटी होईल, त्याआधी कुंदाताईंच्या पार्टीचे तीन कार्यक्रम तिने घेतले आहेत, आणि लग्नानंतरचेही घेणार आहे. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. घरातला मोठा माणूस काय बोलतो याची वाट पाहत होत्या. मी चहाचा कप उचलला. मग त्यांनी भीमराजकडे पाहिलं. त्याने खिशातून कागद काढला आणि मालनला तिन्ही तारखा पुन्हा सांगायला लावल्या. म्हणाला, डेअरीतली पाळी आत्ताच बदलून घ्यायला हवी, नाहीतर ऐकायला येता येणार नाही. त्याने तारखा लिहून घेतल्या. तुझ्या आईने चहा पुन्हा गरम केला.

डिसेंबरची रजा आजच मागून ठेव. प्रकृतीस जप, आणि इकडची ओढ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा बाप,
राजाराम