पट्ट्यावरचा चिमटा

रविवार, १९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस आणि गुरुवारी गाडी विकायला काढतो आहेस, म्हणून लिहावं लागतंय. इकडे ठीक. तुझी बायको, आपली चिमणी, आता उशीशिवाय टेकून बसते. हसली की बरगड्या दुखतात, म्हणून मी तिला हसवत नाही. ते मला सहज जमतं.

हॉस्पिटलात तू चारचौघांत म्हणालास, "मागच्या वर्षी त्याच चौकात मी ठोकली, मला खरचटलंसुद्धा नाही. हिला चालवताच येत नाही." टेम्पो आडवा शिरला, चूक त्याची, हे पोलिसांनीही लिहिलंय. ते सोड. मला नवल वाटलं ते हाडांचं. गाडी तीच, चौक तोच. मग तू कपडे झटकून उठतोस आणि तिची हाडं का मोडतात?

गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री म्हणाला, "बाई, या खेपेला पत्रा कमीच चेपलाय. साहेबांनी जोरात दिली होती." म्हणजे कोडं वाढलंच.

डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "सारख्याच धडकेत बायकांना जास्त लागतं, हे आम्ही बघतो. बांधा वेगळा, त्यात पुढे सरकून बसतात. आणि गाड्यांची चाचणी कितीतरी वर्षं पुरुषी बांध्याच्या पुतळ्यावर व्हायची."

पुतळा! शिवणक्लासात माझी हयात पुतळ्यांबरोबर गेली. एकीवर बेतलेलं पोलकं दुसरीला काखेत काचतं, हे माझ्या नवशिक्या मुलींनाही कळतं.

मापपट्टी घेऊन परत गॅरेजमध्ये गेले आणि गाडीत चिमणीच्या जागी बसले. आम्ही दोघी सारख्याच बुटक्या. पाय पोचावेत म्हणून सीट इतकी पुढे, की स्टिअरिंग आणि छातीत जेमतेम वीत. मिस्त्री म्हणाला, "आता गाडीलाही पोलकं शिवणार का?"

"शिवेन. आधी सांग, हा पट्टा अंगाला का बसत नाही?"

त्याने वर बोट दाखवलं. पट्टा आत ओढला जाऊ नये म्हणून तिथे चिमटा. निळा, कपडे वाळत घालायचा.

पोटाला काचतो म्हणून तू लावलेला. तुझं पोट ती ढील भरून काढतं. चिमणीच्या अंगावर ती मोकळीच राहिली. चिमणी तो चिमटा काढायची, तू "माझं बस्तान बिघडवू नकोस" म्हणून पुन्हा लावायचास. त्या सकाळी रक्ताच्या नमुन्यांची पेटी घेऊन ती घाईत निघाली आणि काढायचा राहिला.

शेजारणींना त्यांच्या गाड्यांत बसवून मापं घेते आहे. बँकेतली उंच बाई नवऱ्याहून मागे बसते. तिचं काय होईल? अजून उलगडलं नाही.

इथपर्यंत लिहून पत्र संपवणार होते. पण चिमट्यामुळेच इतकं लागलं, हे चिमणीला आधीच कळलं होतं. मी तो पुढ्यात ठेवला तर म्हणाली, "ताई, त्यांना सांगू नका. जिवाला लावून घेतील." तू तिला नावं ठेवत होतास आणि ती तुला झाकत होती. मी तिला हो म्हटलं नव्हतं.

गाडी गेली तर तिचं घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम गेलं. विकू नकोस. गुरुवारी इकडे ये, जिवाला लावून घेऊनच ये.

तुझी,
जिला तू अजून घाबरतोस ती ताई

सोबत पाठवला: निळा चिमटा, एक.
गाडीची चावी मिस्त्रीकडून घेतली. चिमणीच्या हाती दिली.