मैना म्हशीचा पास

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
विदेशी नागरिक चौकशी कक्ष,
कोल्हापूर.

अर्जदार : गणपतराव सयाजी हिरुगडे, वय सत्त्याऐंशी, धंदा पूर्वी दूध, सध्या बसून. राहणार उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर.

विषय : पोलंड देशाच्या रहिवासी श्रीमती यादविगा वोल्स्का यांस कोल्हापुरात येऊ देण्याबाबत, तसेच सदर बाई मुळात नाहीत आणि सदर बाई माझ्या घरी राहतात, हे दोन्ही शेरे एकदम काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पहिले पत्र, ज्यात बाई नाहीत.
२) आपले दुसरे पत्र, ज्यात बाई दोन आहेत.

महोदय,

हा अर्ज आपण बसून वाचावा ही पहिली विनंती. मी तो उभ्याने लिहिलेला नाही, पण आपल्या कचेरीचा जिना चढून आणून देणार आहे, तेव्हा हिशेब सारखाच झाला. जिन्याबद्दल तक्रार नाही. जिना बिचारा जागेवर असतो. वर गेल्यावर साहेब खाली गेलेले असतात, एवढेच.

१. वळिवड्याला महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासित लोकांचा कॅम्प होता, हे आपणास ठाऊक असेलच. आज तिथे गांधीनगरची कापडबाजारपेठ आहे. आम्ही त्या वेळी शेजारच्या उचगावात राहत होतो आणि माझी आई, कै. चिमणाबाई, कॅम्पात दूध घालत असे. घालत असे म्हणजे किटलीतून नव्हे. कोल्हापूरचे गिऱ्हाईक म्हैस दारात उभी करून डोळ्यांदेखत धार काढल्याशिवाय दुधावर विश्वास ठेवत नाही, आणि ही खोड त्या परदेशी लोकांनाही इथे आल्यावर आठवड्याभरात लागली. त्यामुळे आईबरोबर आमची मैना नावाची म्हैसही रोज कॅम्पात जाई. कॅम्पात जायला पास लागे. आईची ओळख फाटकावर चालत होती, पण म्हशीला मात्र पत्र्याचा बिल्ला मिळाला होता, गळ्यात बांधायचा. आमच्या घराण्यात पहिले सरकारी ओळखपत्र निघाले ते म्हशीचे.

२. सदर यादविगाबाई या कॅम्पात सन १९४६ साली जन्मल्या. त्यांची आई बाळंतपणात आजारी पडली आणि अंगावर दूध राहिले नाही. तेव्हा मैनेची पहिली धार यादूच्या भांड्यात, असा आईने नेम केला. (बाळाचे नाव पूर्ण उच्चारायला आईला वेळ नव्हता, तिने यादू केले.) यादूची आई बरी झाल्यावर म्हशीजवळ उभी राहून बाळाला घेऊन त्यांच्या भाषेतले एक गाणे म्हणत असे. पुढे पुढे असे झाले की ते गाणे सुरू झाल्याशिवाय मैना पान्हाच सोडीना. कॅम्प उठला तेव्हा आईने मैनेच्या गळ्यातला बिल्ला सोडून यादूच्या मुठीत दिला, कारण द्यायला दुसरे काही नव्हते. त्यानंतर मैना आटली. आईने शब्द येत नसताना ती चाल गुणगुणून बघितली. दोन दिवस थोडे दूध आले, मग तेही नाही. ती चाल मला आजही येते. शब्द कुणालाच येत नाहीत.

३. ही हकिगत मी गेली साठ वर्षे आमच्या गल्लीत सांगत आलो आहे. गल्लीने ती माझ्या इतर गोष्टींच्या ओळीत नेऊन बसवली. त्यात गल्लीचे फारसे चुकले असे म्हणवत नाही. "म्हशीला पोलिश येत होतं" असे मी सांगतो, आणि माझ्या तोंडून आलेले असे वाक्य कुणी का खरे धरावे?

४. दोन वर्षांपूर्वी पोलंडची काही मंडळी वळिवडे बघायला आली होती. मी नातीला, कु. अनुजाला, घेऊन तिथे गेलो आणि हीच गोष्ट त्यांना सांगितली. तेही हसले. मात्र त्यांतल्या एकाने फोनवर माझे बोलणे आणि ती चाल भरून घेतली, आणि ते फिरत फिरत तिकडे एका वृद्धाश्रमात पोचले. मग एक दिवस अनुजाच्या फोनवर एक म्हातारी बाई दिसू लागल्या. त्यांना मराठी येत नाही, मला पोलिश येत नाही, मधे अनुजा इंग्रजीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो अनुजाने मला सांगितला : "म्हशीचं नाव मैना होतं का?"

साहेब, भरून घेतलेल्या बोलण्यात मी म्हशीचे नाव घेतले नव्हते. अनुजाने ते तीनदा ऐकून खात्री केली. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

५. बाईंनी कोल्हापूरला यायचे ठरवले. त्यांच्या डॉक्टरांनी या थंडीत विमानात बसायला हरकत नाही असे सांगितले आहे, पुढच्या थंडीचे ते बोलायला तयार नाहीत. माझे डॉक्टर तर याही थंडीचे बोलत नाहीत. बाईंनी व्हिसाचा अर्ज भरला. त्यात विचारतात, पूर्वी भारतात आला होता का? आला असल्यास त्या व्हिसाचा क्रमांक द्या. बाई भारतात आल्या नव्हत्या, जन्मल्या होत्या. आणि जन्मताना व्हिसा घेतलेला नव्हता. त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिले आणि खाली जन्मस्थळ 'कोल्हापूर' लिहिले. तिथून हा कागद चौकशीला लागला. यजमानाशी नाते काय, हाही प्रश्न होता. एकाच म्हशीचे दूध प्यायलेले, हे मी अनुजाला सांगितले. तिने 'मित्र' लिहिले, कारण यादीत जवळचे तेवढेच होते. सामानाबद्दलही बाईंनी आधीच विचारून घेतले. त्यांना खसखशीचा केक आणायचा होता, तो कस्टममध्ये अडेल असे कळल्यावर त्यांनी तो रद्द केला. आणायची वस्तू एकच उरली : पत्र्याचा बिल्ला, गंजलेला. सामानाचा कागद भरणाऱ्या तिकडच्या माणसाने त्याची किंमत किती लिहायची असे विचारले. बाईंनी तो रकाना मोकळा सोडायला सांगितले.

६. आता पहिल्या पत्राविषयी. आपले हवालदार श्री. विजयसिंह चौकशीस आले, त्या दिवशी मी मोतीबिंदू दाखवायला गेलो होतो. त्यांनी रीतीप्रमाणे कोपऱ्यावरच्या दिलदार मुल्लाच्या चहाच्या गाड्यावर विचारपूस केली. दिलदार माझा मित्र आहे आणि खोटे बोलत नाही, हेच नडले. तो म्हणाला, "पोलंडची बाई व्हय? ती आण्णांची जुनी गोष्ट हाय साहेब. म्हस बी हाय त्यात. चहा घ्या." गाड्यावरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. हवालदारांनी लिहून नेले की, सदर महिला व तिची ओळख ही यजमानाने रचलेली गोष्ट असल्याचे स्थानिक रहिवासी एकमुखाने सांगतात. त्यांचा काहीच दोष नाही. आमची गल्ली एकमुखाने बोलली असे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडले. अशा रीतीने बाई पासपोर्टवर आहेत, पण उत्तरेश्वर पेठेत नाहीत.

७. दुसरे पत्र यापेक्षा अवघड आहे. पहिले पत्र आल्याचे कळताच दिलदारला फार वाईट वाटले. दोन दिवस त्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मी फेरचौकशीचा अर्ज दिला आणि हवालदार पुन्हा आले, तेव्हा अख्खी गल्ली मला मदत करायला बाहेर पडली. दिलदारने सांगितले की बाईंना त्याने स्वतः कॅम्पात चहा पाजला आहे. दिलदारचा जन्म एकोणीसशे बहात्तरचा आहे. समोरच्या शालूबाईंनी सांगितले, "बाई की? कायम येत्यात. वरच्या खोलीत असत्यात. ठेचा लय आवडतो त्यास्नी." आणखी एकाने खुलासा केला की बाई दोन आहेत, एक गोरी आणि एक लय गोरी. मी खिडकीतून हात हलवून नाही नाही म्हणत होतो. हवालदार साहेबांना वाटले मी काहीतरी लपवतो आहे.

परिणामी आपण मला विचारले आहे की, परदेशी पाहुणे घरी उतरल्यास चोवीस तासांत कळवण्याचा नियम असताना मी सदर महिलांची नोंद का केली नाही. महोदय, जी बाई नाही असे आपण म्हणता, तिची नोंद न केल्याचा खुलासा मी कोणत्या तोंडाने करू? आणि दुसरी बाई मी आणू कुठून? वरच्या खोलीत सध्या कांदे आहेत. आपण स्वतः येऊन बघावे. जिना सोपा आहे.

माझे म्हणणे मधले आहे. बाई एक आहे, आणि ती अजून आलेली नाही.

८. या सगळ्याच्या मुळाशी माझी ख्याती आहे असे आपल्या कारकुनांनी मला सौम्य शब्दांत सांगितले. म्हणून मी खालील गोष्टी बाईंच्या मुक्कामापुरत्या तात्पुरत्या मागे घेत आहे. अ) महापुरात मी गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसून कोल्हापुराहून कुरुंदवाडला गेलो आणि वाटेत दोन ठिकाणी पंगतीला जेवलो, ही. आ) गारगोटीच्या बाजारात विकलेला माझा कोंबडा दुसऱ्या दिवशी परत आला आणि येताना गिऱ्हाइकाची कोंबडी घेऊन आला, ही. (कोंबडीच्या मालकाने अद्याप दावा केलेला नाही.) इ) नेसरीला एका मिसळीच्या कटाने माझ्या चष्म्याचा नंबर उतरला, ही. बाई परत गेल्यावर या तिन्ही पुन्हा चालू होतील, कारण मला दुसरा उद्योग नाही आणि गल्लीलाही संध्याकाळी काही लागते.

म्हशीला पोलिश येत होते, ही मात्र मी मागे घेऊ शकत नाही. कारकून म्हणाले की तेवढी घेतली तर काम सोपे होईल. साहेब, मी या वयात जिना चढतो तो तेवढ्यासाठीच. आई गेली, मैना गेली, उचगावची ती माणसे गेली. ज्याने ते डोळ्यांनी पाहिले असा या जगात आता मीच उरलो आहे, आणि माझा कोणी विश्वास धरत नाही. त्या गाण्याचा अर्थ काय, हे मला विचारायचे आहे. फोनवर विचारून घ्या, असे अनुजा म्हणते. मी फोनवर विचारणार नाही. ते गाणे म्हशीजवळ उभे राहून म्हणायचे असते. दिलदारच्या मेव्हण्याची म्हैस मी त्यासाठी सांगून ठेवली आहे.

९. आता प्रत्यक्ष विनंती. आपल्याकडून असे सांगण्यात आले की ओळखीचा भक्कम पुरावा आणल्यास विचार होईल. पुरावा म्हणजे तो बिल्ला. तो बाईंकडे आहे. बाई आल्या तर पुरावा येईल, पुरावा आला तर बाई येतील. यावर मी काही रात्री विचार केला आणि मला आईचा कॅम्पातला पहिला दिवस आठवला.

त्या दिवशी फाटकावरच्या शिपायाने मैनेला अडवले. म्हणाला, पास दाखवा. आई म्हणाली, पास कुठे मिळतो? तो म्हणाला, आतल्या कचेरीत. पण म्हैस समक्ष दाखवावी लागते, त्याशिवाय पास करत नाहीत. आई म्हणाली, मग ती आत न्यायला हवी. तो म्हणाला, पासाशिवाय नेता येणार नाही. मी आईचा पदर धरून उभा होतो. मैना मधेच उभी होती, तिला घाई नव्हती. आत कुणाचे तरी बाळ रडत होते. शिपाई आमच्याच जिल्ह्यातला, कोडोलीचा, आईला ओळखणारा माणूस होता. त्याने इकडे तिकडे बघितले, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "चिमणाबाई, आधी म्हस आत घ्या. मग बघू पासाचं."

त्याच्यावर कसलीही कारवाई झाल्याचे ऐकिवात नाही. राज्यही बुडाले नाही. पुढच्या तासाभरात म्हशीला बिल्ला मिळाला.

तरी मेहेरबान साहेबांनी त्याच क्रमाने काम करावे. संदर्भ एक आणि संदर्भ दोन एकमेकांसमोर ठेवून दोन्ही फाडावेत, बाईंना या थंडीत येऊ द्यावे, आणि त्या आल्यावर चोवीस तासांच्या आत मी त्यांना घेऊन आपला जिना चढेन. आमच्या गावात दूध समोर काढल्याशिवाय कुणी खरे धरत नाही, मीही धरत नाही. पण त्यासाठी म्हैस दारात यावी लागते.

आपला, निदान या एका बाबतीत खरा,

गणपतराव सयाजी हिरुगडे
(गल्लीत : आण्णा)
कोल्हापूर, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) बाईंच्या पासपोर्टची झेरॉक्स. (एकच बाई आहे, कृपया मोजून घ्यावी.)
२) दिलदार मुल्ला यांचे, ते एकोणीसशे बहात्तर साली जन्मल्याचे कबुलीपत्र.
३) शालूबाईंचे, वरच्या खोलीत कांदे असल्याचे निवेदन.
४) मैना म्हशीचा पास, मूळ प्रत : बाईंच्या पर्समध्ये आहे. बाईंसह समक्ष सादर करण्यात येईल.