आत राहिलेलं हरीण

प्रिय दादा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी मळ्याचं कुंपण पुरं झालं. जाळीच्या दोन रांगा, मधे चार फूट. हरणाला उंच उडता येतं, लांबही उडता येतं; दोन्ही एकदम जमत नाही.
२. मंगळवारी सकाळी घेवड्याचे शेंडे खाल्लेले होते.
३. जाळीत फट नव्हती. मी तीनदा तपासलं.
४. हरीण आतच होतं. फाटक लावण्याआधी मी मळा फिरून पाहिला नव्हता. चूक माझी.

आई गेल्यापासून बाबांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. पोरीने कुंपण असं पक्कं केलंय की हरणाची बाहेर जायची सोय नाही, हे त्यांनी पोस्टमनलासुद्धा ऐकवलं. फाटक सताड उघडून आम्ही दोन दिवस वाट पाहिली. ते तिकडे फिरकेचना. विहिरीजवळ पूर्वी जिथून शिरायचं, तिथेच जाऊन जाळीला नाक लावायचं. कोबीचे दोन वाफे तुडवले गेले. शेवटी बाबा रिकामा डबा बडवत त्याच्यामागे लागले आणि ओरडले, अगं बाई, दार उघडं आहे, जा की आता! मी फाटकाला टेकून उभी होते. क्षणभर कळेना, कुणाला म्हणताहेत. मी बाजूला झाले, तसं ते गेलं.

आई गेली तेव्हा मी पंधरा दिवसांसाठी आले होते. त्याला एकोणीस महिने झाले. बाबा थांब म्हणत नाहीत. एवढा घेवडा निघू दे, म्हणतात. घेवडा निघेपर्यंत कोबी लागलेला असतो, कोबी संपेपर्यंत टोमॅटोला काठ्या बांधायच्या असतात. कुंपण झालं की जाईन, असं मी स्वतःला बजावत होते. कुंपण झालं त्याच संध्याकाळी बाबांनी जाळीवर चढवायला म्हणून काकडीचं बी भिजत घातलं. जेवताना ते आधी माझ्या ताटात वाढतात, मग माझ्याने काही बोलवत नाही. आणि तू मागच्या पत्रात लिहिलंस, तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त. तुला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. टोचलं तर मात्र टोचू दे.

पुलांची तपासणी करणाऱ्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं आहे. पहिल्यांदा मी नकार कळवला होता. तुम्हा दोघांनाही सांगितलं नाही. या वेळी होकार कळवला आहे. बावीस तारखेला हजर व्हायचं आहे. बाबांना अजून बोलले नाही, कारण ते नुसतं 'बरं' म्हणाले तरी मी राहीन, हे मला माहीत आहे. तू महिनाभर ये. मी त्यांना सांगेन तेव्हा शेजारी बस. बोलू नकोस, नुसता बस. येणार की नाही, ते सतरा तारखेपर्यंत कळव. नाही असेल तरी कळव.

तुझीच,
धाकटी