अंगात या

३ जाने. ९६, कुंडल
परत तेच. रस्त्यावर ट्रकनं हारन वाजवला आन् लताच्या हातातली परात खाली. श्वास धरून उभी, खांदे कानापत्तुर. वऱ्हाडाची गाडी पलटली तवापास्नं सूनबाईचं असंच. त्याच गाडीत हे गेले. ती वाचली, पर रस्त्यावरच्या गाडीत बसत न्हाई. बाप आजारी, तिकडं कराडच्या पलीकडं डोंगरात. सारखं लता लता करतोय. तिथं रेल्वे जात न्हाई.
डॉक्टर म्हणतो, हाडं बरी हायत, मनाचं हाय. मन कुठल्या दुकानात दुरुस्त करत्यात ते न्हाई सांगितलं.

११ जाने.
रेल्वेनं सांगली. लायब्ररीत इचारलं, अंगात बसलेली भीती काढायचं पुस्तक हाय का? त्या दादानं भुताची कादंबरी दिली! म्हणलं, "आवं, भूत काढायचंय, घरात न्यायचं न्हाई." लय हासला. मग आसनांचं पुस्तक दिलं, आन् माधवनगरच्या एका बाईंचा पत्ता.

१८ जाने.
लताला घेऊन माधवनगर. बाईंनी पाठ भिंतीला टेकवाय लावली, तळपाय फरशीला. मग हळूच म्हणल्या, "आता अंगात या."
मी ताडकन उठले. "बाई, आमी बौद्ध. सासऱ्यांनी देव सोडले तवाच अंगात यायचं बी सोडलं!"
बाई हसून हसून आडव्या. "अहो, देवी नाही. लतानंच लताच्या अंगात यायचं. ती अजून त्या गाडीतच आहे."
परत खाली टेकले. मला गप बसवणारी बाई! मानलं.

२ फेब्रु.
आज लताचे पाय लटलट कापाय लागले. धरायला गेले तर बाई म्हणल्या, "सोडा. अंगाला त्याचं काम करू द्या." कापणं आपसूक थांबलं, आन् पोरीनं केवढी जांभई दिली! हिच्या लग्नात बी मी एवढी खूश नव्हते. येताना म्हणती, "आत्या, भूक लागली." भजी खाल्ली. माझ्यातली बी खाल्ली.

२५ फेब्रु., कराड स्टँड
हितवर रेल्वेनं आलो, म्होरं बापाच्या गावाची गाडी. लता पायरीवर पाय ठिवून थांबली.
कंडक्टर म्हणला, "ताई, चढताय का इचार करताय?"
"करू दे की रं इचार. तुझी गाडी काय लग्नाला निघालीया?" तोंडातनं गेलं आन् जीभ चावली.
पर ती चढली! खिडकीशी बसली, डोळं पुसत. लय जिगरीची पोरगी.
"आत्या, चढा की."
म्हणलं, येते. पाय उचलंना. तिनं बघितलं. "आत्या... तुमी बी?"
"जा तू. बाप वाट बघतोय."
गाडी गेली. बाकड्यावर बसून लिवतीया. दुसरी लागलीय आता, तिकडचीच. दार उघडं हाय.