उष्णोदकाचे महायुद्ध

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून ही रोजनिशी. अन्य कोणी वाचू नये. वाचल्यास माझी महती पेलणार नाही.

गार्गीचा उमरेडहून फोन. पहिले बाळंतपण माहेरी, हे ठरलेलेच होते. वीस तारखेस येणार. परंतु कन्येने अट घातली. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आमच्या गीझरने तिला जो झटका दिला तो ती विसरलेली नाही. म्हणाली, बाबा, वायरिंग माझ्या जन्माच्या आधीचं आहे, लायसन्सवाला माणूस बोलवा आणि सगळं तपासून घ्या. बाळाला तिथे आंघोळ घालायची आहे, खोलीत हीटर लागेल. नाही जमलं तर मी इथेच राहते. मागून तिच्या सासूबाईंचा, कुसुमावतींचा, स्वर ऐकू आला: आमच्याकडे तर मागच्याच वर्षी सगळं नवीन केलं, राहू दे की इथेच.

हे आव्हान आहे. मी मार्तंड, वय छप्पन्न, विमा कार्यालयात अधीक्षक, बारावीपर्यंत भौतिकशास्त्र. माझ्या भिंतींच्या अंतरंगात काय चालले आहे हे परक्या माणसास विचारणे मला अप्रशस्त वाटते. निरीक्षण मी स्वतः करीन. सौ. यमू म्हणाली, तुम्ही काहून त्यात पडून राहिले, तुम्हाला तर घंटीचा सेलही सुलटा बसवता येत नाही. मी स्मित केले.

संकल्प: आठवड्याभरात आमचा हा फ्लॅट सदर भागातील सर्वाधिक निर्धोक फ्लॅट होईल.

४ डिसेंबर

बाजारातून टेस्टर, टॉर्च व रबरी हातमोजे आणले. हातमोजे भांडी घासण्याचे, गुलाबी. रबर ते रबर.

निरीक्षणास प्रारंभ. टेस्टर स्विचला लावला, आतला दिवा लागला. उत्तम. गीझरला लावला, लागला. नळाला, लागला. खिडकीच्या गजाला, लागला. टॉवेलच्या सळईलाही लागला.

निष्कर्ष: टेस्टर सदोष. नळात पाणी असते, वीज नसते.

दुकानदाराने कुरकुरत बदलून दिला. वर विचारले, काका, घरी कोणी करंटला चिपकलं तर नाही ना अजून. व्यापारी वर्गात विनयाचा ऱ्हास झाला आहे.

५ डिसेंबर

नवा टेस्टरही नळावर लागतो. सगळा लॉटच बिघडलेला.

६ डिसेंबर

उपकरणांवरील श्रद्धा उडाल्याने प्रत्यक्ष प्रमाणाचा आश्रय घेतला. उजव्या हाताची पाठ नळास लावली.

तदनंतर माझे कोपर आरशावर आदळले. आरसा बेसिनवर फुटला. मी बादलीवर पडलो, आणि बादली उडून दारात आलेल्या यमूच्या कपाळास लागली. ही हालचाल माझ्या इच्छेने झाली नाही; तथापि तिच्यात एक प्रकारची गती व लय होती.

निष्कर्ष: नळात वीज आहे. हे आजवर या घरात कोणीही सिद्ध केले नव्हते.

यमूच्या कपाळावर टेंगूळ. बर्फ लावत म्हणाली, माझ्या जागी पोटुशी पोरगी असती तर. मी म्हणालो, म्हणूनच तर शोध चालला आहे. ती म्हणाली, आता एक माणूस बोलवा. मी म्हणालो, आता तर मुळीच नाही. शत्रूचा ठावठिकाणा लागल्यावर सेनापती बदलत नाहीत.

डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा अद्याप लेखणी धरीत नाही.

८ डिसेंबर, रविवार

गार्गीच्या खोलीची भार-परीक्षा. योजना सुस्पष्ट: रूम हीटर, गीझर, इस्त्री व मिक्सर एकदम चालू करायचे. तारा सहन करतील तर निर्धोक, न करतील तर तसे कळेल.

कळले.

बोर्डातून प्रथम घुरघुर, मग निळी ज्वाला. हीटरचा प्लग पाघळून भिंतीवरून ओघळला. पडद्याने पेट घेतला. मी विलक्षण प्रसंगावधानाने हाताशी आले ते वस्त्र उचलले आणि ज्वाळांवर प्रहार करीत सुटलो. पाच-सहा आघातांत अग्नी निमाला. पलंगाची एक बाजू मोडली, ट्यूबलाइट फुटली. विजय माझा.

ते वस्त्र म्हणजे यमूने बाळासाठी शिवलेली दुपट्यांची गोधडी होती, असे मागाहून समजले. तिने राख गोळा केली. पदरात बांधून आत निघून गेली. समाधान शब्दांत मावत नाही, असे होते कधी कधी.

सायंकाळी बाबनराव वर आले. हे खालच्या मजल्यावरचे. मूळ उमरेडचे, घराण्यात हातमाग, आता साड्यांचे दुकान. म्हणाले, काहून गा मार्तंडभाऊ, तुमच्या प्रयोगात माझा टीव्ही उडाला, अन् तुम्ही वरतं शांत बसून राहिले. मी त्यांस समजावले की शास्त्रात काही हानी अपरिहार्य असते. त्यांनी माझी कॉलर धरली. मीही त्यांची धरू गेलो. ते बनियनवर असल्याने कॉलर उपलब्ध नव्हती, सबब कान धरला. यमूने आम्हां दोघांवर पाण्याचा तांब्या रिकामा केला. जाताना बाबनराव म्हणाले, वहिनी, तुमच्याकडे पाहून सोडून राहिलो, नाहीतर आज याले मी गॅलरीतून वाळत टाकलं असतं.

याले. एकवचन. नोंद घेतली आहे.

११ डिसेंबर

गार्गीचा फोन. काम कुठवर आले, असे विचारले. मी म्हणालो, नव्वद टक्के झाले. उरलेले दहा टक्के म्हणजे केवळ वीज आणि उष्णता. ती म्हणाली, बाबा, आईला द्या. यमू फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटले. पाककृतीविषयी असावे.

१४ डिसेंबर, शनिवार

लिहिताना बसता येत नाही. उभ्याने लिहीत आहे.

सकाळी थंडीने कहर केला होता. विजेचा मेन स्विच मी सुरक्षेस्तव बंद ठेवला होता, म्हणून शीतोदकाने स्नान करावे लागले. पहिला तांब्या अंगावर पडताच माझे सर्वांग कंप पावू लागले. आधारासाठी मी दोन्ही हातांनी नळ घट्ट धरला व स्तोत्र म्हणू लागलो. दात वाजत असल्याने स्तोत्राचे केवळ व्यंजनांश बाहेर पडत होते.

यमूने दाराच्या फटीतून पाहिले आणि तिला वाटले, मला करंट लागला. तिने जिन्यातून खाली हाक दिली. बाबनराव हातमागाचा एक जुना सागवानी दांडा घेऊन वर धावले. दाराची कडी उचकटली. चिपकलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, कोरड्या लाकडाने सोडवायचे असते, हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी मला सोडवण्यास आरंभ केला.

पहिल्या प्रहारात मी नळ सोडला. दुसऱ्यात भिंतीस टेकलो. मी ओरडलो, मेन बंद आहे, मेन बंद आहे. ते म्हणाले, करंटात माणूस कायबी बडबडते, वहिनी, घाबरू नका. आणि सोडवीत राहिले. मी बादलीचे कवच केले, बादली फुटली. शेवटी यमूनेच त्यांचा हात धरला.

मग दांडा खांद्यावर टेकवून म्हणाले, मले वाटलं चिपकले. जीव वाचवणं पहिलं, नाही का गा. त्यांच्या मुखावर परोपकाराचे असे तेज मी पूर्वी पाहिले नव्हते. यमूने त्यांस चहा दिला. मला हळद.

तिने पुन्हा विनवले. हात जोडले. म्हणाली, वीस तारखेला सहा दिवस उरले, पोरगी वाट पाहून राहिली. मी शब्द दिला: तीन दिवसांत स्नानगृहात ऊन पाणी येईल.

१७ डिसेंबर, मंगळवार

शब्द पाळला. ऊन पाणी आले. ते स्नानगृहापुरते सीमित राहिले नाही, इतकेच.

गीझरचा सर्व दोष एका तारेत आहे असे मी अनुमानाने ताडले होते. ती कापली. नवी तार थेट मेनपासून आणून जोडली, नळांना चिकटपट्टी गुंडाळली. मेन चालू केला. पंधरा मिनिटे आदर्श शांतता. नंतर गीझर गुणगुणू लागला. मग गर्जू लागला. यमूने मला दंडाला धरून बाहेर ओढले, म्हणून ही नोंद लिहिता येत आहे.

स्फोट सदरच्या चौकापर्यंत ऐकू गेला म्हणतात. गीझर भिंतीच्या दोन विटांसह निखळला. कमोडचे दोन भाग झाले. कोणताही एकटा उपयोगाचा नाही. दार बिजागरीसह पॅसेजमध्ये आले आणि माझ्या डाव्या पायावर विसावले. अंगठा मोडला. उकळते पाणी फरशीतून उतरून बाबनरावांच्या दुकानासाठी आणलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांवर गळले. ते वर आले. पण कधी नव्हे ते माझ्या कॉलरकडे वळले नाहीत. नुसते यमूला म्हणाले, वहिनी, तुम्ही खाली या, जेवून घ्या.

पायास प्लास्टर. मीटरवरून आमची वीज तोडण्यात आली आहे. भिंतीत वीज उरलेली नाही, अर्थात फ्लॅट आता पूर्णतः निर्धोक आहे. संकल्प तडीस गेला, असे म्हणण्यास वाव आहे.

१९ डिसेंबर

सकाळपासून यमू बांधाबांध करीत आहे. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतविडा, जुन्या मऊ साड्या. मी विचारले, हे काय. म्हणाली, गार्गी येणार नाही, मी उमरेडला जाऊन राहिली आहे. मी म्हणालो, मुलीच्या आईने विहिणीच्या घरी महिना-दोन महिने राहायचे, हे आपल्या घराण्यात घडलेले नाही. ती म्हणाली, घरात गीझरही कधी फुटला नव्हता.

मी म्हणालो, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक चौकापर्यंत सगळं ऐकून आहेत.

दाराशी थांबली. वाटले, रागावेल. म्हणाली, पहिल्या खेपेला पोरीला आई लागते हो. वायरिंग नाही लागत. मग बाबनरावांनी बॅग उचलून तिला एसटीत बसवून दिले. मी प्लास्टर घेऊन गॅलरीत उभा होतो. तिने वर पाहिले नाही. ऊन डोळ्यांवर येत असावे.

चिंतन: माहेर म्हणजे काय? विटा नव्हेत, तारा नव्हेत. माहेर म्हणजे आई. आई उमरेडास गेली, त्या अर्थी माहेरच उमरेडास गेले. म्हणजे पहिले बाळंतपण माहेरीच होत आहे. परंपरा मी अखंडित राखली.

येथे मग काय उरले, हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. उत्तर उद्या.

२० डिसेंबर

थंड पोळी खाल्ली.

९ जानेवारी, उमरेड

नात झाली. जावई विहंग यांचा फोन आला होता: बाबा, या, पण एक विनंती आहे, आमच्याकडे कशालाच हात लावायचा नाही. मी म्हणालो, ही काय सांगण्याची गोष्ट झाली.

बाळाला दोन मिनिटे मांडीवर दिले. डोळे मिटलेलेच होते. मुठी घट्ट. गार्गी म्हणाली, बाबा, बरी आहे ना. मी म्हणालो, आहे. एकच शब्द, तोही प्राकृतात.

मग आंघोळीची वेळ झाली. यमू व कुसुमावती बाळाला घेऊन आत गेल्या. आतून ऊन पाण्याचा आवाज येतो आहे, दाराखालून वाफ, आणि दोन्ही आज्यांचे हसणे. खोलीत हीटर लावला आहे. काहीही झाले नाही.

मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो आहे. सायंकाळ झाली. अक्षरे नीट दिसत नाहीत. दिव्याचे बटण माझ्या हाताजवळ आहे.

कोणी बाहेर आले की दिवा लावतील.