लाल दोऱ्याचा कप

मी, अरुंधती दिनानाथ टेंबे, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार जुनी इंदूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर आहे, फक्त दम पुरत नाही. एवढे लिहितानाच दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले.

१. दोन खोल्यांचे घर चिरंजीव श्रीकृष्णाचे. सियागंजात किराण्याच्या पेढीवर मुनिमी करून त्याच्या वडिलांनी ते उभे केले. विकू नये.

२. शिवणाचे मशीन नात मंजिरीला. त्यावर मी चाळीस वर्षे बायकांच्या चोळ्या शिवल्या, त्यांची मापे घेतली. स्वतःच्या अंगाबद्दल बोलायची मात्र लाज वाटली.

३. ती गोष्ट आता लिहिते. सन १९५३ मध्ये माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. भावाकडे नाशिकला जाते असे घरी सांगून त्याच्यासोबत मुंबईला गेले. तिथे गाठ काढली आणि मग महिनाभर छातीला एक्स-रेच्या किरणांचा शेक दिला. गाठ गेली. चोळीत कापडाची घडी घातली आणि गप्प बसले. भाऊही आता नाही.

वर्षभराने कोरडा खोकला लागला. पुढे धाप. आता मशीनचे पायडल मारवत नाही. डॉ. प्रतापराव सांगतात, त्या किरणांनी फुप्फुस कडक होऊन आकसले आहे; ते सुधारणार नाही, पण कुणाला लागणारही नाही. थुंकी तीनदा तपासली, क्षयाचे जंतू एकदाही निघाले नाहीत.

४. घरात मात्र सगळ्यांनी क्षयच धरला. सूनबाई शांताने माझ्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. खरा आजार सांगितला तर गाठीचेही सांगावे लागले असते, म्हणून सहा वर्षे त्याच कपातून मुकाट चहा प्यायले. तिने ते मंजिरीच्या काळजीने केले, हे कळते. राग तरीही आहे.

५. गेल्या महिन्यात बेटम्याच्या बाबूराव मोघ्यांनी, नवऱ्या मुलाच्या वडिलांनी, मंजिरीचे ठरलेले लग्न मोडले. श्रीकृष्णाला म्हणाले, "देखो भिया, घरात टीबी असताना रिश्ता कसा जोडायचा? आमच्याकडे पण छोटे बच्चे आहेत." पोरगी रडली नाही. दोरा न ओवता दिवसभर मशीन चालवत बसली. माझ्या लाजेपायी तिचे लग्न मोडावे, हे मला सहन होत नाही.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला तेवढी सवड नाही. बाबूरावांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. कागद त्यांच्याच हाती देणार, सोबत एक्स-रे आणि थुंकीचे तिन्ही रिपोर्ट. येतात की नाही, सकाळपासून दारापर्यंत येरझारा चालू आहेत.

७. कप शांताला. दोरा तिनेच सोडावा.

सही: अरुंधती दिनानाथ टेंबे
इंदूर, मध्य प्रदेश, ता. १४ नोव्हेंबर १९६१

साक्षीदार:

१. डॉ. प्रतापराव शितोळे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. रोगाबद्दल लिहिले ते खरे.

२. बाबूराव मोघे, बेटमा. सही समक्ष झाली. सर्व वाचले. सूनबाई दोरा सोडायला उठल्या, तेव्हा म्हटले, आधी मला ह्याच कपात चहा द्या. प्यायलो. लग्नाची तिथी ठरली होती तीच.